माळ उतरेपर्यंत

कावीळ झालेल्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना कावीळ झालेली नसते. मला लहानपणी झाली होती, चांगली महिनाभर होती, आणि त्या महिनाभर भिंत मला भिंतीसारखीच दिसायची आणि म्हैस म्हशीसारखी. पिवळं दिसतं ते बघणाऱ्याला, आजाऱ्याला नाही. आणि माझ्या सासरी तर बघणाऱ्यालाही दिसायचं नाही, कारण माघ-फाल्गुनात आमच्या घरी झाडून सगळे पिवळे असायचे.

सासर कुरुंद्याच्या शिवारातलं, हळदीचं घर. हळद खणायची, गड्डे आणि बोटं वेगळी करायची, मोठ्या कढईत शिजवायची, खळ्यावर वाळवायची, मग पायाला पोत्याचे तुकडे बांधून तुडवून तुडवून घासायची. दीड-दोन महिने दुसरं काही नाही. नखं पिवळी, टाचा पिवळ्या, लुगड्याचे काठ पिवळे, लेकरांची टाळू पिवळी. त्या धुरळ्यानं अंग खाजायचं ते वेगळंच. अशा घरात "तू काहून पिवळी पडलीस गं?" असं कुणी विचारलं असतं तर विचारणाऱ्यालाच लोकांनी वेड्यात काढलं असतं.

हे सांगायचा मला खरं म्हणजे कंटाळा येतो. सांगून कुणी परत येत नाही. पण ज्यांच्या धाकानं गप्प बसले ते सगळे एकेक करून गेले, आणि जे आहेत ते खोटीच गोष्ट खरी म्हणून सांगत बसतात. ते ऐकायचाही आता वीट आला आहे.

माझं माहेर औंढ्याच्या अलीकडं, दोन कोसांवर. आमचं घर म्हणजे माळेचं घर. रविवारी आणि बुधवारी सूर्य उगवायच्या आत दारात काविळीची माणसं येऊन बसलेली असायची, कुणी गाडीतून, कुणी मुलाच्या पाठुंगळी. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पाटाच्या कडेची घेटुळी उपटून आणायचे. घेटुळी म्हणजे जमिनीला चिकटून पसरणारी वेल, एरवी लोक तण म्हणून फेकून देतात. तिच्या ओल्या कांड्या पेराएवढ्या तोडायच्या आणि कच्च्या सुतात एकेक अडकवत जायची, गाठ न मारता, नुसता फास देऊन. त्याचं कडं करून आजाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं. दोन-तीन दिवसांत ते सैल होऊन गळ्यात उतरतं, मग छातीवर येतं. माळ वाढते तशी कावीळ उतरते. बेंबीला लागली की माणूस बरा झाला. मग माळ वाहत्या पाण्यात सोडायची, डोक्यावरून न्हायचं आणि कामाला लागायचं. तोवर पथ्य कडक. तेल नाही, तिखट नाही, हळदीला हात नाही, चुलीपुढं बसायचं नाही, उन्हात जायचं नाही, ओझं उचलायचं नाही. भाकरी आणि ताक खायचं, फुटाणे खायचे, मिळाला तर ऊस.

आबांच्या हाताला गुण आहे असं पंचक्रोशीत म्हणायचे. कसला आबांचा हात! त्यांची बोटं वातानं वाकडी झालेली, त्यांना फास जमायचाच नाही. नवव्या वर्षापासून माळा मी करायची, आतल्या खोलीत बसून. आबा त्या बाहेर नेऊन घालायचे आणि लोक त्यांच्या पाया पडायचे. नाव त्यांचं, काम माझं. बाईमाणसाला ह्याचं नवल नसतं, मलाही नव्हतं.

एकदा एका माणसासाठी माळ करून ठेवली आणि तो आलाच नाही. मी ती खुंटीला अडकवली आणि विसरले. आठ-दहा दिवसांनी बघते तर माळ चांगली वीतभर लांबलेली. कांड्या वाळल्या, आक्रसल्या, फास सैल झाले, माळ वाढली. आता खुंटीला कुठं कावीळ झाली होती? मी मोठा शोध लागल्यासारखी आईकडं पळाले. आईनं एक थोबाडीत ठेवून दिली. "देवाच्या देण्याला नाट लावती व्हय गं सटवे!" आबा ओसरीवर होते, त्यांनी सगळं ऐकलं. उठले, खुंटीवरची माळ काढली आणि ओढ्यात नेऊन टाकली.

माझं लग्न तेराव्या वर्षी झालं. निघायच्या आदल्या दिवशी आबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, सासरी कसं वागायचं ते सांगतील. ते म्हणाले, "तितंबी लोक तुला माळ मागतील. बांध. पण आधी तीन गोष्टी विचार. अंग लई खाजून राहिलं का? परसाकडं पांढरी व्हती का? उजव्या अंगाला बरगडीखाली कळ येती का? आन् त्यात थंडी वाजून ताप आला तर संपलंच. आसं काई आसंल तर माळ बांधायची न्हाई. हात जोडायचे आन् म्हणायचं, बाबा, दवाखाना गाठ."

"काहून?" मी विचारलं.

"काहून ते मला ठाव न्हाई. माझ्या बापानं मला सांगितलं, मी तुला सांगून राहिलो."

सासरी माझ्या आधी एक सून होती, थोरल्या दिरांची बायको. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायची, ती मला धाकटी म्हणायची. पाच बाळंतपणं झालेली, त्यातली दोन लेकरं जगलेली, एक मुलगी आणि एक मुलगा. तिचं रूप कसं होतं विचाराल तर मला तिचे डोळे मिटलेलेच आठवतात. बसली की झोपायची. जात्याचा खुंटा हातात धरून झोपायची. एकदा भाकरी थापता थापता परातीवर डोकं टेकवून झोपली आणि कपाळाला पीठ लागलं. मी हसले. तीही हसली, म्हणाली, "धाकटे, मेल्यावर मी लई निजणार हाय बघ, मला उठवू नगा." तेव्हा मला ते विनोदाचं वाटलं. पोरवय होतं, झोपेची किंमत कळत नव्हती.

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या वाईट नव्हत्या. गोष्टीत लोकांना वाईट सासू लागते, पण ही गोष्ट तशी नाही. त्या स्वतः आमच्या आधी उठायच्या आणि आमच्याबरोबर कढईच्या वाफेत उभ्या राहायच्या. त्यांना एवढंच माहीत होतं की माणूस पडून राहिलं म्हणजे आजारी आहे, आणि आजारी नसलं तर पडून राहायला नको. त्यांनाही कुणी कधी निजू दिलं नव्हतं.

दुसरी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. कापड मिळत नव्हतं, घासलेट मिळत नव्हतं, आणि सासऱ्यांनी त्या वर्षी हळद दुप्पट लावली होती. शिजवा सुरू होऊन आठ दिवस झाले होते. मी आणि अक्का कढईतून शिजलेली हळद उपसत होतो. वाफेनं तिनं तोंड फिरवलं आणि ऊन तिच्या डोळ्यांवर पडलं. मी हातातलं घमेलं खाली ठेवलं. हात हळदीनं पिवळे होतात, पाय होतात, डोळ्यातलं पांढरं होत नाही. तिचं ते पांढरं मोहरीच्या फुलासारखं झालं होतं.

मी जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी अक्काला उजेडात नेऊन डोळे पाहिले आणि कपाळावर हात मारला. मग लगेच माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मंग बघत काय उभी राहिलीस? माळेच्या घरची पोरगी सून करून आणली ती कशाला? बांध की!" त्यांना त्यातही जरा अभिमानच वाटला. शेजारणीला हाक मारून सांगितलंसुद्धा.

मी तीन गोष्टी विचारल्या का? विचारल्या. अक्का म्हणाली, खाजतंय तर सगळ्यांचंच खाजतंय. पांढरंबिंढरं काही नाही. पोटात दुखत नाही. मला बरं वाटलं. मी घेटुळी आणली, माळ केली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. त्या घरात पहिल्यांदा माझ्या हातानं, माझ्या नावानं माळ घातली गेली. पोरवयात असल्या गोष्टीनंही छाती फुगते.

माळ घातली आणि अक्काला हळदीपासून उठवलं, चुलीपासून उठवलं. मागच्या खोलीत, जिथं पेंडीची पोती असायची तिथं, घोंगडी टाकून दिली. ती झोपली. पहिला दिवस झोपली, दुसरा दिवस झोपली. मी भाकरी-ताक घेऊन जायची, ती डोळे मिटूनच खायची आणि परत आडवी व्हायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेकरं येऊन तिच्या अंगावर लोळायला लागली. धाकटा तर आईला इतका वेळ एका जागी बघून बावरलाच होता. आठव्या दिवशी मी दुपारी तिची वेणी घालायला गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती आणि चक्क गाणं गुणगुणत होती. मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. तिचा आवाज बरा होता.

मग दुपारची वेणी हे आमचं ठरून गेलं. आत्याबाई खळ्यावर असायच्या, आम्ही दोघी मागच्या खोलीत. तिनं मला तिच्या माहेरच्या बैलाच्या गोष्टी सांगितल्या, लग्नात हरवलेल्या पैंजणाची गोष्ट सांगितली. माळ गळ्यातून छातीवर आली होती. बाराव्या की तेराव्या दिवशी ती माळ बोटानं चाचपत म्हणाली, "धाकटे, ही लई लौकर उतरून राहिली गं."

"मंग चांगलंच की."

"कशाचं चांगलं? अजून शिजवा सरला न्हाई." मग म्हणाली, "अजून आठ दिस निजू दे मला. तुझ्या हातात हाय."

"माझ्या हातात काय असंल? माळ आपुआप वाढती."

"व्हय तर! दोरा तुझा, फास तुझा, आन् म्हणं आपुआप." ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. "मला कोन सांगाया पायजे? सोळा वरसं पोती शिवून राहिली मी. दोरा कसा सैल व्हतो ते मला कळत न्हाई व्हय?"

हातच्या काकणाला आरसा कशाला. तिच्या मानेमागं, केसांखाली, दोन कांड्यांच्या मधे बारीक गाठ मारली. चार बोटं माळ वर गेली. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून चोरासारख्या हसलो. त्या घरात मी इतकी कधी हसले नव्हते. मग रोज दुपारी वेणी घालताना मी एक गाठ मारायची. मला वाटायचं, काय बिघडतं? कुणाचं काय जातंय? आठ दिवस एक बाई झोपली तर हळद काय सडणार आहे का?

खरं ते सांगते. त्या दिवसांत तिचे डोळे निवळले नव्हते. थोडे उतरायचे, परत चढायचे. तिच्या दंडावर ओरखडे होते. ती उजव्या कुशीवर झोपायची नाही. हे सगळं मी पाहिलं. हळदीनं खाजतंय, असं मी मनाला सांगितलं. पण ती पंधरा दिवस हळदीजवळ गेलेलीच नव्हती, हे मात्र मनाला सांगितलं नाही. परत विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते बंद झालं असतं, ते वेणी घालणं आणि हसणं. आणि तीही लपवत होती. दवाखाना म्हणजे गाडी जुंपायची, ऐन शिजव्यात दोन गडी मोडायचे, नवऱ्याची बोलणी खायची. तिला उपचार नको होता, तिला पडून राहायचं होतं. हे तिनं मला पुढं सांगितलं नाही, सांगायला वेळच कुठं होता, पण मला कळलं.

आत्याबाई रोज सकाळी माळ वितीनं मोजायच्या. आठ दिवस वीत तिथंच. त्यांचा चेहरा उतरत गेला. एका सकाळी त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "माळ थांबली. माळ थांबली म्हंजी कावीळ आत शिरली. आता डाग द्यायाच पायजे." पलीकडच्या गावात डाग देणारा एक म्हातारा होता. विळ्याचं टोक लाल होईस्तोवर तापवायचा आणि पोटावर, मनगटावर टेकवायचा. रविवारी त्याला बोलवायचं ठरलं.

अक्काच्या पोटावर लहानपणचे डाग होते, सात. तान्ही असताना दिलेले. शनिवारी न्हाणीत पाणी काढून दिलं तेव्हा तिनं माझा हात धरला. "सोड धाकटे. सगळ्या गाठी सोड. विळा नगं गं मला." मी गाठी सोडल्या. वाळक्या कांड्या, सैल सूत, माळ घसरत घसरत बेंबीच्याही खाली गेली. ती ओल्या अंगानं उभी होती आणि मला तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते काय असतं ते मी तेव्हा बघत होते, पण मला कळलं नाही.

आत्याबाईंनी माळ बघितली आणि त्या रडल्या. खरंच रडल्या, आनंदानं. नागनाथाला नारळ बोलल्या. सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. माझ्या गालावरून बोटं मोडून म्हणाल्या, "माझी गुणाची पोरगी! तुझ्या बापाच्या हाताला गुण हाय, तसाच तुझ्या हाताला हाय." माळ ओढ्यात सोडली. आणि रविवारी सकाळी अक्का कढईपुढं उभी राहिली.

मी नाही म्हणाले नाही असं नाही. "आत्याबाई, अजून चार दिस बसू द्या तिला," असं म्हणाले. त्या त्यांच्या परीनं बरोबरच बोलल्या, "आता कशाला? माळ उतरली की! तुझ्याच बापाचा नेम न्हवं का ह्यो?" आता मी काय बोलणार? माळ खोटी आहे म्हणू? माझा बाप खोटा आहे, मी खोटी आहे, तुमची सूनही खोटी आहे म्हणू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. मी तोंड मिटलं आणि तिच्या वाटणीचं घमेलं उचलायला लागले. जमेल तेवढं उचललं.

चौथ्या दिवशी दुपारी कढईखालचं चुलवण पेटलेलं, शेजारी उभं राहवत नव्हतं, आणि अक्का थंडीनं कुडकुडायला लागली. दात वाजत होते. आगीपुढं गारठलेलं माणूस मी त्या दिवशी पाहिलं. ती पोट धरून खाली बसली, उजव्या अंगानं वाकून. आबांचं बोलणं माझ्या कानात असं वाजलं की मी ओरडलेच, "दवाखाना! गाडी जुंपा, दवाखाना!" सून ओरडली म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. एरवी मार बसला असता.

थोरल्या दिरांनी गाडी जुंपली. गाडीत अक्का, आत्याबाई आणि मी. वसमतला पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता. दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे होते, हिंदी-उर्दू बोलायचे. आम्हा तिघींचे हात बघून ते आधी गोंधळले. "यहाँ तो सब के सब पीले हैं," म्हणाले. मग त्यांनी अक्काच्या पापण्या खाली ओढल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. बरगडीखाली बोटं दाबली तेव्हा ती किंचाळली. त्यांनी विचारलं तेच जे आबांनी मला सांगितलं होतं, एकेक करून, त्याच ओळीनं. खाज किती दिवसांची? परसाकडं कशी होते? ह्या वेळी अक्कानं सगळं खरं सांगितलं. पहिल्या दिवसापासून.

डॉक्टर रागावले नाहीत. थकलेले दिसत होते, दिवसभर असली माणसं बघून थकतात तसे. त्यांनी आत्याबाईंना समजावलं. कावीळ ही बिमारी नाही, बिमारीची निशाणी आहे. कुणाचं कलेजं सुजतं म्हणून होते, ती पथ्यानं आणि आरामानं बहुतेक आपली आपण जाते. कुणाला हिवतापानं होते, त्याचं औषध वेगळं. आणि कुणाच्या पित्ताच्या नळीत खडा अडकतो. ह्या बाईला खडा आहे, आता आत पू झाला आहे. चाकू लावावा लागेल, तो लागतो हैदराबादेत, आणि तिथवर ती पोचेल असं वाटत नाही. "तीन हप्ते पहले लाते," म्हणाले.

आत्याबाई रडत म्हणाल्या, "पण उतरली व्हती हो साहेब! माळ बेंबीला लागली व्हती. चार दिसापूर्वी."

"किसने उतारी?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना माळेचं ठाऊक असावं, तिथं सगळ्यांनाच ठाऊक असतं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. थोरले दीर, आत्याबाई, दाराशी उभा कंपाउंडरसुद्धा. मी माळेच्या घरची. मी तोंड उघडलं, देवाशप्पथ उघडलं. त्याआधी बाकावरून अक्का बोलली. आवाज एवढासा, पण सगळ्यांनी ऐकला. "म्याच. म्याच सैल केली ती. धाकटीला ठाव न्हाई. मला कामाला जायाचं व्हतं."

माझं तोंड उघडं होतं ते मी मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर यायच्या आत, दवाखान्याच्या पडवीत तिनं जीव सोडला. मी पायाशी बसले होते. मला वाटलं झोपली.

महिन्याभरानं मी माहेरी गेले आणि आबांना सगळं सांगितलं. खुंटीवरच्या माळेपासून सगळं. मला वाटलं ते मारतील, मारावं असंच वाटत होतं. ते आपली वाकडी बोटं बघत बसले. मग म्हणाले, "माळ आपुआप वाढती ते मला ठाव हाय. माझ्या बापालाबी ठाव व्हतं. माळेत औषीद न्हाई पोरी. पण एऱ्हवी सुनेला, सालगड्याला तीन हप्ते कोन निजू देतंय? माळ बांधली की देतात. धा जणांतले नऊ त्यानंच बरे व्हतात."

"आन् दहावा?"

"दहाव्यासाठी तुला तीन गोष्टी सांगितल्या व्हत्या," आबा म्हणाले, आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

मी माळा करणं सोडलं नाही. लोक म्हणतील ही कसली बाई. पण काय करणार? बायका यायच्या, डोळे पिवळे, खांदे गळालेले, मागं सासू उभी. माळ नाही म्हणाले असते तर त्या तशाच घरी जाऊन जात्यावर बसल्या असत्या. मी तीन गोष्टी तीनदा विचारायची, सासूला बाहेर घालवून विचारायची, आणि मग बांधायची. पण नंतर कधी कुणासाठी गाठ मारली नाही आणि सोडली नाही.

घरात मात्र वेगळीच गोष्ट तयार झाली. दहाव्या-तेराव्याला माणसं यायची तेव्हा आत्याबाई पदरानं डोळे पुसत सांगायच्या, "कामाची अशी हौस म्हणावी का बाई! आजारात बसवलं तर बसंना. माळ सोताच्या हातानं सोडली आन् कढईपाशी येऊन उभी राहिली. आसली सून लाखात एक." बायका चुकचुकायच्या. मग ते दर वर्षी व्हायला लागलं. शिजवा सुरू झाला की तिची गोष्ट निघायची. घरात नवी सून आली की तिला पहिल्या आठवड्यात ऐकवायचे. कुणी जरा दमून टेकलं की, "तुमच्या मोठ्या जावेचं नाव घ्या, हाडाची कामाची व्हती ती." ऐकून माझ्या डोक्यात सणक जायची. एकदा हातातला तांब्या मी भिंतीवर मारला. लोक म्हणाले, जावेच्या आठवणीनं बिचारीला सहन होत नाही.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात अक्काच्या मुलीचं लग्न झालं. दिवस वाईट होते, वयात आलेल्या पोरी लोक घाईघाईनं उजवत होते. तीही बारा-तेराचीच. बघायला आलेल्यांनी विचारलं, कामाला कशी आहे? आत्याबाईंनी मान ताठ करून सांगितलं, "आईवर गेलीया." मग पुन्हा ती सगळी गोष्ट, माळ, कढई, हौस. पाहुणे खूश झाले. तिथल्या तिथं सुपारी फुटली.

ती सासरी निघाली त्या सकाळी मी तिची पेटी भरत होते. ती माझ्याजवळ येऊन बसली. आई गेली तेव्हा पाच-सहा वर्षांची होती, तिला आईचं तोंडसुद्धा धड आठवत नव्हतं. आईचं म्हणून तिच्यापाशी जे काही होतं ते आजीनं सांगितलेलं, एवढंच.

"काकू," तिनं विचारलं, "माझी आई लई कामाची व्हती न्हवं?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. कुणी ऐकणारं नव्हतं. तिला सांगायला हवं होतं की बाई गं, तुझ्या आईला कामाची हौसबिवस काही नव्हती, तिला फक्त झोपायचं होतं, आणि तूही झोपत जा, कुणी काही म्हणो. सगळं ओठावर आलं होतं. पण तिनं ज्या तोंडानं विचारलं ते बघून माझी हिंमत झाली नाही.

"व्हय," मी म्हणाले. "लई कामाची व्हती."

पोरगी खूश झाली.